आधी सांगा, नोंद झाली का नाही: डेटाबेसची चूक सचिवाच्या पडद्यावर कशी लिहावी

वाळवा तालुक्यातल्या काही गावांच्या दूध संस्थांसाठी मी नोंदीचं सॉफ्टवेअर लिहिते. किटली काट्यावर चढते, मशीन फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) देतं, सचिव सभासद क्रमांक टाकतात, पावती निघते आणि दर दहा दिवसांनी बिल होतं. काम एवढंच, पण ते सकाळी सहाला, रांग लागलेली असताना करायचं असतं. त्यामुळे सव्वासहाला फोन वाजला की तो कुठून आला असेल हे आमच्या घरात कुणाला विचारावं लागत नाही.

एकदा मात्र फोन दुपारचा आला. संस्थेचे सचिव, त्यांना सगळे तात्या म्हणतात, पडद्यावरचं इंग्रजी अक्षर लावून वाचत होते. "कॅनॉट डिलीट ऑर अपडेट अ पेरेंट रो." वाचून झाल्यावर जरा थांबले आणि म्हणाले, "ताई, मी सभासदाचं नाव काढतोय. यात त्याच्या आईबापाचा काय संबंध?"

मी हसले. मग लाज वाटली, कारण ते वाक्य डेटाबेसनं माझ्यासाठी लिहिलं होतं आणि मी ते तसंच तात्यांच्या अंगावर टाकलं होतं. सुधारणा म्हणून मी सगळे इंग्रजी संदेश काढले आणि सगळ्यांच्या जागी एकच ठेवला: "काहीतरी चुकलं. पुन्हा प्रयत्न करा." हा उपाय आधीच्या दुखण्यापेक्षा वाईट निघाला. एका सकाळी नेट गेलं. नोंद सर्व्हरवर पोहोचली होती, फक्त "पोहोचली" हे उत्तर परत आलं नव्हतं. पडदा म्हणाला पुन्हा प्रयत्न करा. तात्यांनी केला, दोनदा केला. एका सभासदाच्या नावावर एका सकाळचं दूध तीनदा चढलं आणि बिलाच्या दिवशी ते उघडकीला आलं. चूक माझी होती, चारचौघांत ऐकून घेतलं तात्यांनी.

तेव्हापासून मी संदेश कसे लिहिते ते इथे सांगते. तुमच्याकडे दूध नसेल, पतसंस्थेचा भरणा असेल किंवा औषध दुकानाचं बिल असेल. माणूस तोच असतो, समोरची रांगही तीच.

पहिलं वाक्य कामाचं काय झालं याचं

डेटाबेसचा संदेश "कोणता नियम मोडला" हे सांगतो. तात्यांना विचारायचं असतं ते वेगळंच: दूध चढलं का? पुढची किटली घेऊ का? म्हणून माझ्या प्रत्येक संदेशाची सुरुवात "नोंद झाली" किंवा "नोंद झाली नाही" अशीच होते. कारण नंतर, आणि जमलं तर एका ओळीत.

हे लिहिणं सोपं, खरं ठेवणं अवघड. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये, दुसऱ्यानं धरलेल्या ओळीचं कुलूप सुटायची वाट बघून वेळ संपली की १२०५ क्रमांकाची चूक येते. मूळच्या सेटिंगमध्ये त्यावेळी फक्त शेवटची आज्ञा मागे घेतली जाते, अख्खा व्यवहार (एकत्रच पक्क्या व्हायच्या आज्ञांचा गठ्ठा) नाही. म्हणजे दुधाची ओळ आत गेलेली आणि पशुखाद्याची कपात राहिलेली, अशा अर्धवट अवस्थेत तुम्ही "नोंद झाली नाही" म्हणून मोकळे होता. पुढे कुठे कमिट झालं, म्हणजे ते अर्धवट पक्कं झालं, की पडद्यावरचं वाक्य खोटं ठरतं. चूक पकडली की आधी स्वतः रोलबॅक करा, म्हणजे सगळं मागे घ्या, मग तोंड उघडा.

आणि तिसरी शक्यता असते: आपल्यालाच माहीत नाही. कमिट पाठवलं आणि उत्तर यायच्या आत लाइन तुटली, तर नोंद झाली असेल किंवा नसेल. इथे पुष्कळ जण ठोकून "अयशस्वी" लिहितात. मी आता प्रत्येक नोंदीला पाठवण्याआधीच, तात्यांच्या संगणकावर, एक न बदलणारा ओळख क्रमांक देते आणि डेटाबेसमध्ये त्यावर युनिक नियम आहे, म्हणजे तोच क्रमांक दोनदा चालत नाही. लाइन परत आली की सॉफ्टवेअर तीच नोंद त्याच ओळख क्रमांकानं पुन्हा पाठवतं. डेटाबेसनं "हा क्रमांक आधीच आहे" म्हणून नाकारली, तर त्याचा अर्थ पहिल्याच खेपेला काम झालं होतं. ती चूक नव्हे, पोचपावती. पडद्यावर मधल्या वेळेत नोंदीची ओळ पिवळी राहते आणि तिथे लिहिलेलं असतं: "नोंद पोहोचली का ते तपासतोय. पुन्हा भरू नका. पुढची किटली घ्या."

चूक ओळखा कोडवरून, वाक्यावरून नको

इंग्रजी वाक्यात "डुप्लिकेट" शब्द शोधून मराठी संदेश लावायचा, हा उद्योग मीही केला आहे. आवृत्ती बदलली की तो कोसळतो. मायएसक्यूएल ८.०.१९ पासून डुप्लिकेटच्या संदेशात नियमाच्या नावाआधी टेबलचं नावही यायला लागलं. वाक्यातून नाव कापून काढणारा माझा कोड तिथेच आंधळा झाला. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये तर सर्व्हरची भाषा बदलली की वाक्यच बदलतं.

कोड मात्र टिकतात. पोस्टग्रेसचा एसक्यूएलस्टेट, म्हणजे चूक ओळखायचा कोड, पाच खुणांचा असतो आणि पहिल्या दोन खुणा जात सांगतात. २३ नं सुरू झालं म्हणजे नियम मोडला: २३५०५ दुबार, २३५०३ परकी किल्ली (एका टेबलातली ओळ दुसऱ्या टेबलातल्या ओळीवर टेकलेली असते तो दुवा), २३५०२ रिकामी जागा, २३५१४ चेक (ठरवलेल्या अटीत न बसणारा आकडा). ०८ म्हणजे जोडणीचा घोळ. ५३ म्हणजे यंत्राची ताकद संपली, जसं ५३१०० डिस्क भरली. मायएसक्यूएलमध्ये दुबार १०६२, आणि तात्यांचे "आईबाप" १४५१. क्रमांक उचलताना डेटाबेस कोणता ते बघा. मायएसक्यूएलचा १२०५ वर सांगितला, तर एसक्यूएल सर्व्हरचा १२०५ म्हणजे डेडलॉक (दोन व्यवहार एकमेकांच्या कुलुपासाठी अडून बसणं), आणि त्याचा मूळ संदेश तुमच्या व्यवहाराला चक्क "डेडलॉक व्हिक्टिम" म्हणतो. हे तात्यांनी वाचलं असतं तर त्यांनी मला नव्हे, पोलीस पाटलाला फोन लावला असता.

फक्त २३५०५ कळून भागत नाही, कोणता नियम तेही लागतं. म्हणून टेबल करतानाच नियमांना स्वतः नावं द्या. माझ्याकडे "एक सभासद, एक वेळ, एक प्रकार" या नियमाला वेगळं नाव आहे आणि "मोबाइल दुबार" ला वेगळं. पोस्टग्रेस ९.३ पासून, म्हणजे २०१३ पासून, मोडलेल्या नियमाचं नाव चुकीसोबत स्वतंत्र खान्यात येतं. मग नियमाच्या नावासमोर मराठी वाक्य, अशी एक फाइल ठेवायची. ती फाइल मी तात्यांना वाचायला देऊ शकते, हा तिचा सगळ्यात मोठा फायदा.

दुबार नोंद बहुतेकदा प्रश्न असतो

वरच्या तिपटीच्या प्रकारानंतर मी नियम घातला: एका सभासदाचं एका वेळेला गाईचं एकच आणि म्हशीचं एकच माप. दुसऱ्या दिवशीच फोन. सभासदाचा मुलगा मोटरसायकलवरून मागच्या गोठ्याची किटली घेऊन आला होता. दूध खरं, माणूस खरा, आणि पडदा म्हणतोय "नोंद आधीच अस्तित्वात आहे."

मग तिथे असं यायला लागलं: "नोंद झाली नाही. सभासद ११४ यांचं आज सकाळचं गाईचं दूध ६:४२ ला ८.५ लिटर लिहिलं आहे. ही दुसरी किटली आहे का?" खाली दोन बटणं: "हो, दुसरी किटली आहे" आणि "नाही, आधीची नोंद दाखव". संदेशात वेळ आणि लिटर असले की तात्यांना लगेच आठवतं. "अस्तित्वात आहे" एवढ्यानं काहीच आठवत नाही.

बटणावर "ओके" आणि "रद्द" लिहू नका. "नोंद रद्द करायची?" याच्याखाली "रद्द" असं बटण मी स्वतः ठेवलं होतं. ते दाबलं की काय रद्द होतं, नोंद का रद्द करणं, हे मलाही सहा महिन्यांनी सांगता आलं नाही.

परकी किल्लीचं तसंच. तात्यांना सभासद पुसायचा नव्हता. त्यानं म्हशी विकल्या होत्या आणि यादीत त्याचं नाव रोज मध्ये येत होतं. संदेशाचं काम ती मूळ गरज ओळखायचं: "खातं पुसलं नाही. या सभासदाच्या जुन्या दूध नोंदी आणि बिलं आहेत, ती हिशोबाला लागतात. दूध घालणं थांबलं असेल तर 'खातं बंद' करा, नाव रोजच्या यादीतून जाईल." आणि "खातं बंद" हे बटण तिथेच हाताशी.

चेक नियमात माणसानं टाकलेला आकडा परत दाखवा. मशीन बंद पडलं की फॅट हातानं भरतात आणि घाईत टिंब राहतं. "फॅट ६५ लिहिलं आहे. ६.५ म्हणायचं आहे का?" स्वतःहून दुरुस्त मात्र करू नका. पैशाचा आकडा आहे, हो माणसानंच म्हणावं.

जे सांगायचंच नाही

डेडलॉक, पोस्टग्रेसचा ४०००१, दोन संगणकांची एकाच ओळीवर झटापट: यातलं काही पडद्यावर आणू नका. पूर्ण व्यवहार पहिल्यापासून दोन-तीनदा करून बघा. बहुतेक वेळा दुसऱ्या खेपेला जातो आणि कुणाला कळतही नाही. मायएसक्यूएलच्या इनोडीबीत (त्याच्या साठवणीच्या इंजिनात) कुलुपासाठी थांबायची मूळ मुदत ५० सेकंद आहे. किटली हातात धरून ५० सेकंद उभं राहून बघा एकदा. मी ती ५ वर आणली.

लहान केंद्रांवर एसक्यूलाइट ही छोटी डेटाबेस आहे. तिला बिझी टाइमआउट (किती वेळ वाट बघायची ती मुदत) दिला नसेल तर ती क्षणभरही थांबत नाही, लगेच "डेटाबेस इज लॉक्ड" म्हणते. एका केंद्रावरच्या पोरानं ते वाचून अध्यक्षांना सांगितलं, अध्यक्षांनी मला फोन केला: "वर्षाचे पैसे थकले म्हणून लॉक केलंत काय? आधी सांगायचं तरी." पैसे खरंच थकले होते, पण तो भाग वेगळा.

आणखी एक, खास आपल्याकडचं. कीबोर्ड मराठीवर राहिला की फॅटच्या खान्यात ६.५ हे देवनागरी अंकांत जातं. पोस्टग्रेस त्याला आकडा मानत नाही, "इनव्हॅलिड इनपुट सिंटॅक्स" म्हणून परत पाठवतं. आता ६ हा आकडा नाही, हे मी तात्यांना कोणत्या तोंडानं सांगू? इथे संदेश लिहायचा नसतो, आत पाठवण्याआधी अंक बदलून घ्यायचे असतात.

नावांचंही असंच. "श्रीकृष्ण" कानाला तीन अक्षरं, संगणकाला जोडाक्षरं आणि मात्रा सुट्या धरून नऊ, आणि यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत २७ बाइट. ओरॅकलमध्ये खान्याची लांबी मुळात बाइटमध्ये मोजली जाते. ३० चा खाना ठेवलात तर श्रीकृष्णापुढे एकच अक्षर मावतं. त्यावर "नाव ३० अक्षरांपेक्षा मोठं आहे" असा संदेश दिला तर माणूस बोटं मोजून तुम्हाला खोटं ठरवील. खाना मोठा करा.

एंटरचं बटण

हे मला केंद्रावर जाऊन उभं राहिल्यावर कळलं, कार्यालयात बसून कधीच कळलं नसतं. तात्यांची नजर काट्यावर आणि किटलीवर असते, हात आकड्यांच्या बटणांवर. सभासद क्रमांक, एंटर, लिटर, एंटर, एंटर. माझा सुंदर चौकोनी संदेश मध्ये उघडायचा आणि पुढच्या एंटरनं मिटून जायचा. त्यांनी तो वाचलाच नव्हता. "काही आलं नाही बघा पडद्यावर," असं ते शपथेवर सांगायचे आणि खरंच सांगायचे.

आता संदेश त्या नोंदीच्या ओळीतच येतो, ओळ लाल होते आणि निस्तरेपर्यंत लाल राहते. एंटरनं जात नाही. एक वेगळा आवाज येतो, कारण आवाजाला मान वर करावी लागत नाही. आणि भरलेले आकडे तसेच राहतात. चूक आली म्हणून अख्खा फॉर्म कोरा करणाऱ्याला एकदा रांगेतल्या शेवटच्या माणसाच्या जागी उभं करायला हवं.

मराठी लिहिताना

"अवैध सभासद क्रमांक" असं मी पहिल्यांदा लिहिलं होतं. अवैध म्हटलं की इथे माणसाला वाळू आणि दारू आठवते. "११४ क्रमांकाचा सभासद यादीत नाही" म्हणा. "त्रुटी", "उल्लंघन", "प्रक्रिया अयशस्वी" यांनाही सुट्टी द्या. "तुम्ही चुकीचा आकडा टाकलात" पेक्षा "हा आकडा बसत नाही" बरं, रांगेसमोर कुणाला चुकीचं ठरवायची गरज नसते. पण सर्व्हर, नेट, डिस्क हे शब्द चालतात, त्यांना मराठी शोधत बसू नका.

साच्यात नाव घालताना सामान्यरूप आडवं येतं. नावाला थेट प्रत्यय जोडला की "हणमंतचं" होतं, लोक म्हणतात "हणमंताचं". "दुधाची नोंद" च्या जागी "दूधची नोंद" उमटते. नावापुढे "यांची", "यांना" ठेवलं की सुटका होते आणि मानही राखला जातो. गाव, तारीख, प्रकार यांना प्रत्यय लावूच नका, "गाव: कराड" असं सुटं लिहा. आणि "१ नोंदी" दिसली की माणूस समजतो, हे मशीननं लिहिलंय, वाचायची गरज नाही. एकासाठी वेगळं वाक्य ठेवा.

जे त्यांच्या हातात नाही, त्यासाठी वही

डिस्क भरली किंवा सर्व्हरच उठत नाही, तेव्हा तात्या काय करणार? पण दूध थांबत नाही, तासाभरात टँकर येतो. संदेश असा आहे: "सर्व्हर बंद आहे. या नोंदी वहीत लिहा, नंतर 'मागची नोंद' मधून भरता येतील. ताईंना कळवलं आहे. खूण: ४१७२." "कळवलं आहे" हे खरं असेल तरच लिहा. माझ्याकडे त्याच क्षणी मेसेज येतो.

ती खूण म्हणजे मूळ इंग्रजी चुकीचा पत्ता. पूर्ण मजकूर, कोड, नियमाचं नाव, वेळ, सगळं त्या खुणेखाली लॉगमध्ये असतं. खूण फोनवर सांगायची असते, म्हणून चारच अंक आणि एकही अक्षर नाही. "बी का डी का पी" मध्ये पहिले दोन महिने गेले. अंकही सुटे सुटे सांगायला सांगते, कारण एकोणसाठ आणि एकोणसत्तर फोनवर सारखेच ऐकू येतात.

मूळ मजकूर पडद्यावर न येण्याला आणखी एक कारण आहे. दुबार मोबाइलच्या चुकीत पोस्टग्रेस तो नंबरच छापून देतं, आणि टेबल-खान्यांची नावं तर घुसखोराला आयता नकाशा असतात. सभासद स्वतः वापरतात त्या मोबाइल अॅपवर "हा नंबर आधीच नोंदलेला आहे" हेसुद्धा मी सांगत नाही. कोण कुठे दूध घालतं ही गावात माहितीच असते, पण ती आमच्या अॅपनं का द्यावी?

तपासायचं कसं

संदेश दाखवून "कळलं का?" विचारू नका. सगळे "हो" म्हणतात, तात्या तर जोरात म्हणतात. विचारा, "आता काय कराल?" "मग पुन्हा एंटर मारणार" असं उत्तर आलं की संदेश फसला. मी नकली डेटाबेसवर मुद्दाम चुका घडवते: नेटची वायर काढते, फॅट ६५ टाकते, तीच किटली दोनदा चढवते. मग मागे उभी राहते आणि बोलत नाही. न बोलणं सगळ्यात अवघड जातं.

महिन्यातून एकदा कोणता संदेश किती वेळा दिसला ते लॉगमधून काढते. दर वेळी "ही दुसरी किटली आहे का?" सगळ्यात वर असायचा, आणि जवळजवळ दर वेळी उत्तर "हो". म्हणून गेल्या महिन्यात तो नियमच बदलला. आता एका सभासदाच्या दोन किटल्या सरळ दोन ओळींत चढतात आणि पावतीवर बेरीज येते. दोन दिवसांनी तात्यांचा फोन, सव्वासहाला. "ताई, ते विचारायचं बंद झालंय, बिघडलं काय?"